सह्याद्रीच्या दोन उतारांचा जमाखर्च: महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय: विकासनिधीच्या वाटपात नैसर्गिक परिस्थितीला स्वतंत्र स्थान देण्याबाबत

सविनय नमस्कार.

अर्थसंकल्पी अधिवेशनात मागासलेपणाची चर्चा निघाली की ती बहुधा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तीन नावांभोवती फिरते. ही नावे आपल्याला राजकीय इतिहासाने दिली आहेत. एक भाग मध्य प्रांत व वऱ्हाडातून आला, दुसरा निजामाच्या हैदराबाद संस्थानातून आणि तिसरा मुंबई इलाख्यातून. १९५३ च्या नागपूर करारापासून या विभागांना न्याय मिळावा म्हणून झालेल्या प्रयत्नांबद्दल मला आदर आहे. परंतु पाऊस, माती, खडक आणि चढउतार या सीमा पाळत नाहीत, आणि महाराष्ट्रातील माणसाची कमाई, त्याचे स्थलांतर आणि त्याचे कर्ज यांवर या चार गोष्टींचा जो प्रभाव आहे त्याची नोंद आपल्या निधिवाटपाच्या सूत्रात फार तोकडी होते. अनेक वर्षे भूगोल शिकवलेला नागरिक म्हणून त्याकडे आपले लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सातारा हा एकच जिल्हा पाहा. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून अवघ्या वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला तो तिसऱ्या हिश्शावर येतो, आणि शंभर किलोमीटरच्या आतच असलेल्या माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो, तोही दरसाल येईलच असा भरवसा नसलेला. या जिल्ह्याची पावसाची सरासरी काढली तर येणारा आकडा ना महाबळेश्वरचा असतो ना म्हसवड-दहिवडीचा. तरीही जिल्ह्याची सरासरी हाच आपल्या नियोजनाचा कितीतरी वर्षे मुख्य आधार राहिला आहे. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजण्याची शिस्त या राज्याला लावली, हे तिचे मोठे काम आहे. मात्र जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे यावर अनुशेष ठरला, आणि त्यामुळे सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्यांतील कोरडवाहू तालुके हिशेबात मागे पडले.

या विषमतेचे मूळ सह्याद्रीत आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या पर्वताच्या पश्चिम उतारावर आदळून वर चढतात, थंड होतात आणि कोकणात व घाटमाथ्यावर मोकळे होतात. पूर्वेकडे उतरताना ते पुन्हा उबदार आणि कोरडे होतात, म्हणून घाटमाथ्याच्या पूर्वेला दक्षिणोत्तर पसरलेला पर्जन्यछायेचा पट्टा तयार झाला आहे. नाशिक आणि अहिल्यानगरचा पूर्व भाग, पुण्याचे शिरूर, दौंड, इंदापूर, साताऱ्याचे माण-खटाव, सांगलीचे जत, आटपाडी, सोलापूरचा मोठा भाग आणि बीड-धाराशिवचा काही भाग त्यात येतो. याच पर्वताने नद्यांची दिशाही ठरवली. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तेथून समुद्र सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास आहे, पण ती सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरीचीही हीच कथा आहे. म्हणजे देशावरच्या शेतीला जगवणारे पाणी घाटमाथ्याच्या एका अरुंद पट्टीत गोळा होते आणि मग अवर्षणाच्या प्रदेशातून वाहत जाते. वरच्यांनी ते किती अडवावे आणि खालच्यांना किती पोहोचावे, हा वाद नद्यांच्या रचनेतूनच जन्माला आला आहे. नाशिक-अहिल्यानगरची वरची धरणे विरुद्ध गोदावरीवर खाली पैठणला असलेले जायकवाडी धरण हा त्याचा आजचा अवतार आहे.

पावसाइतकाच महत्त्वाचा, पण सभागृहात क्वचितच उच्चारला जाणारा घटक म्हणजे पायाखालचा खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार बनले आणि महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भूभाग या बेसॉल्टखाली आला. या खडकाने आपल्याला कापसाची काळी जमीन दिली, आणि तोच खडक पाणी साठवण्यात अत्यंत कृपण आहे. गंगेच्या मैदानात गाळाचे थर शेकडो मीटर खोल असतात आणि त्यांत पाणी मुरत राहते. आपल्याकडे ते खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात जेवढे मावेल तेवढेच. त्यामुळे पंजाब किंवा पश्चिम उत्तर प्रदेशाप्रमाणे विहिरी-कूपनलिकांच्या बळावर सर्वदूर सिंचन वाढवणे येथे निसर्गतःच अशक्य होते. देशातील मोठ्या धरणांपैकी एक तृतीयांशाहून अधिक धरणे या एका राज्यात बांधूनही लागवडीखालील जमिनीचा जेमतेम पाचवा हिस्सा ओलिताखाली आला आहे. त्यात गैरव्यवहाराचा आणि दिरंगाईचा भाग आहेच आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे, पण प्रत्येक कमतरता त्याच खात्यावर टाकली तर खडकाचा भाग दिसेनासा होतो आणि उपायही चुकतात.

भूगोल कायमचे भाग्य ठरवतो असे मात्र मी म्हणत नाही. आपलाच इतिहास त्याच्या विरोधात साक्ष देतो. सातवाहनांच्या काळात या प्रदेशातील समृद्धीची ठिकाणे होती पैठण, तेर, जुन्नर आणि नाशिक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांना पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, ही नावे ठाऊक होती आणि तेथला माल भडोचच्या बंदरापर्यंत जात होता. नाणेघाटातून सोपारा-कल्याणकडे उतरणारी वाट दगड फोडून केलेली आहे आणि तेथील लेणे व शिलालेख राजसत्तेने त्या वाटेकडे किती लक्ष दिले याची खूण आहेत. त्या काळीही पैठणला पाऊस बेताचाच होता. पण बैलांच्या पाठीवरून माल जात होता तोवर उत्तर-दक्षिण आणि घाट-बंदर या वाटांच्या नाक्यावर असणे हीच संपत्ती होती. वाटा बदलल्या, वाहतुकीचे साधन बदलले आणि तीच जागा मागे पडली. जागा जिथे होती तिथेच राहिली, पण माणसाने आपल्या साधनांनी तिचे मोल बदलले.

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. सात बेटांच्या आडोशाला असलेले खोल, वाऱ्यापासून सुरक्षित बंदर हा निसर्गाचा ठेवा होता. सोपारा, चौल, दाभोळ आणि सुरत ही नद्यांच्या मुखावरची बंदरे गाळाने भरत गेली तशी त्याची किंमत वाढली. इंग्रजांना ही बेटे १६६१ च्या विवाहकरारातून मिळाली, तरी पुढची दीडशे वर्षे मुंबई ही देशाकडे पाठ फिरवून उभी असलेली व्यापारपेठ होती. तिचा कापूस गुजरातेतून समुद्रमार्गे येत होता, कारण पाठीमागे सह्याद्रीची भिंत होती. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, हे आपण शाळेत पाठ करतो. आर्थिकदृष्ट्या त्याहून मोठी तारीख १८६३ ची आहे. त्या वर्षी बोरघाटातून रेल्वे वर चढली. सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरहून अधिक चढ आणि पंचवीस बोगदे असे ते काम होते. त्यात कॉलऱ्याने, अपघातांनी आणि कष्टांनी हजारो मजूर मेले आणि त्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. दोन वर्षांनी थळघाटातूनही रेल्वे गेली, १८६७ पर्यंत ती नागपूरला पोहोचली. हा योग अमेरिकेतील यादवी युद्धाशी जुळला. तिकडचा कापूस थांबल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-खानदेशाकडे वळली आणि काळ्या जमिनीतले बोंड अचानक सोन्याच्या भावाने विकले जाऊ लागले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या आणखी जवळ आली.

आता या घटनांचा हिशेब कोणाच्या खाती कसा पडला ते पाहावे, अशी माझी विनंती आहे. कापूस अकोला, अमरावती, खामगावच्या शेतात पिकला. १८७० मध्ये खामगावला खास कापसासाठी रेल्वेचा फाटा गेला. पण सरकी काढून गाठी बांधण्यापलीकडचे जवळजवळ सगळे मूल्यवर्धन मुंबईत किंवा मँचेस्टरला झाले. घाट ओलांडण्याचा खर्च कमी झाला तेव्हा घाटावर उद्योग येतील असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात कच्चा माल खाली वाहून नेणे स्वस्त झाले आणि भांडवल बंदराजवळ साचले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले. रेल्वेने बाजाराशी जोडलेला शेतकरी जगाच्या किमतींशीही जोडला गेला होता, पण त्याच्या हाती ना गोदाम होते ना पतपुरवठा. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्धचे दंगे सुरू झाले त्यामागे ही पडझड हे एक महत्त्वाचे कारण होते. दुर्गमता गेली म्हणजे समृद्धी आपोआप येते हा समज तेव्हाच खोटा ठरला होता. समृद्धी महामार्गाचे सातशे एक किलोमीटर २०२५ मध्ये पूर्ण खुले झाले आणि वाढवणला नवे बंदर उभे राहत आहे. अशा वेळी वाहतूक सुधारते तेव्हा मूल्य कोणत्या टोकाला साचते, हे आधीच मोजण्याची व्यवस्था आपण केली आहे का, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो.

सह्याद्रीच्या कड्याचा दुसरा उपयोग विसाव्या शतकात सापडला. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी कड्यावरून पश्चिमेला सोडले की पाच-सहाशे मीटरची उडी मिळते. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, पुढे भिवपुरी आणि भिरा आले, आणि मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुरातून काही प्रमाणात सुटल्या. याच क्रमात मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. स्वातंत्र्यानंतर कोयना प्रकल्पाने हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर वापरले. पोफळीच्या भूमिगत केंद्रासह त्याची क्षमता आज १९६० मेगावॉट आहे आणि महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीत तिचा वाटा कोणीही नाकारणार नाही. पण कृष्णा खोऱ्यात पडलेले हे पाणी वीज देऊन वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. कृष्णेच्या पाण्याची राज्याराज्यांत वाटणी करणाऱ्या बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. ज्या खोऱ्यातून हे पाणी जाते त्याच खोऱ्याच्या पूर्वेला माण, आटपाडी आणि सांगोला आहेत, आणि तिथे टँकर मोजले जातात. कोयनेची वीज बंद करा असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. सौर आणि पवन ऊर्जा स्वस्त झालेल्या काळात या प्रत्येक टीएमसीची पूर्वेकडची किंमत आणि पश्चिमेकडची किंमत शेजारीशेजारी मांडून दरवर्षी सभागृहापुढे ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे.

आता कोकण. राज्याच्या सुमारे दहा टक्के भूभागावर राज्यातील नदीजलाचा चाळीस टक्क्यांहून अधिक हिस्सा उपलब्ध होतो, आणि तरीही फेब्रुवारी-मार्चपासून वाड्यावाड्यांवर हंडे फिरू लागतात. याचे कारण उतार आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या काही तासांत समुद्र गाठतात, जांभ्या दगडात पाणी टिकत नाही आणि सपाट जमीन एवढी थोडी की मोठ्या कालव्यांची कल्पनाच तिथे बसत नाही. म्हणून शंभर वर्षे कोकणाची मुख्य निर्यात माणूस राहिली. गिरणगावात राबणाऱ्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील घरे चालली. रेल्वे यायला १९९८ उजाडले, म्हणजे मुंबई-ठाणे गाडीनंतर १४५ वर्षे लागली, आणि ती येण्यासाठी नव्वदांहून अधिक बोगदे आणि दोन हजारांवर पूल बांधावे लागले. सपाट प्रदेशात एक किलोमीटर मार्गाला येणारा खर्च आणि तोच कोकणात येणारा खर्च यांत निसर्गाने घातलेला फरक प्रचंड आहे. किलोमीटरमागे, हेक्टरमागे किंवा लोकसंख्येमागे एकच दर लावणारे कोणतेही सूत्र कोकणाला, सातपुड्यातील अक्राणी-धडगावला आणि मेळघाटला जन्मभर तोट्यात ठेवते.

पर्जन्यछायेच्या पट्ट्यातही सर्वत्र दारिद्र्य नाही, आणि या अपवादांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने दुष्काळ-निवारणाच्या हेतूने कालवे काढले. निरेचा डावा कालवा १८८५ चा, प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ चे. घाटमाथ्यावरचे पाणी, पठारावरची काळी जमीन आणि भरपूर ऊन या तिन्ही गोष्टी या कालव्यांनी एकत्र आणल्या आणि उसाला आदर्श परिस्थिती मिळाली. त्या पायावर १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राच्या सहकाराचे श्रेय कर्तृत्वाला द्यावे तेवढेच ते शंभर वर्षांपूर्वी सरकारी पैशाने काढलेल्या कालव्यालाही द्यावे लागते. त्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी आणि पारनेरच्या माणसांत कर्तृत्व कमी नव्हते. त्यांच्या शिवारापर्यंत कालवा गेला नाही. हे वाक्य मी मुद्दाम ठळकपणे लिहितो, कारण पुढे गेलेल्या प्रदेशाने मागे राहिलेल्याला आळशी म्हणण्याची वाईट सवय आपल्या सार्वजनिक चर्चेला लागली आहे.

बालाघाटच्या डोंगररांगांवरील बीडकडे पाहा. उथळ, बरड जमीन, बेभरवशाचा पाऊस, तळाला तोच कठीण खडक. त्यावर कळस म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली तेव्हा. मधल्या काळात या जिल्ह्याने लाखो माणसे दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला पाठवली. वर सांगितलेल्या कालव्यांच्या प्रदेशातील साखर या माणसांच्या श्रमावर उभी आहे. एका प्रदेशाचे नैसर्गिक दुर्दैव दुसऱ्या प्रदेशाला स्वस्त मजूर पुरवते आणि दोन्हींचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहिले जातात. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळागळतीचा खर्च साखरेच्या किमतीत कुठेच दिसत नाही.

पूर्व विदर्भाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथे बेसॉल्ट संपतो आणि प्राचीन खडक उघडे पडतात, त्यामुळे कोळसा, लोह आणि मँगनीज मिळते. पाऊसही बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली भागात कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या हजारो मालगुजारी तलावांनी धानाची शेती उभी केली होती. खडकाची ठेवण आणि जमिनीचा सौम्य उतार ओळखून केलेली ती शास्त्रशुद्ध व्यवस्था होती. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, रद्द झाल्यावर तलाव शासनाकडे आले, त्यांची देखभाल कोणाची हे धड ठरले नाही आणि त्यांत गाळ साचत गेला. दुसरीकडे चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र राज्याला उजेड देते, आणि धूळ, राख व उन्हाळ्याचा ताप चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो. खनिज असणे हे वरदान आहे असे आपण मानतो. पण खनिज उचलून न्यायचे आणि त्यावरचा उद्योग दुसरीकडे वाढवायचा, हे ठरले तर ते वरदान नेणाऱ्याला मिळते. काँगोसारखा खनिजसंपन्न देश गरीब राहतो आणि खनिजांचा तुटवडा असलेला जपान श्रीमंत होतो, त्यामागेही मूल्यवर्धन कुठे होते हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आहे.

हिवरे बाजारचा उल्लेख केल्याशिवाय हे विवेचन अपुरे राहील. अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावात वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या कामात गावाने डोंगरउतारावर चर खणले, चराई आणि कुऱ्हाड बंद केली, शेतीसाठी विंधनविहिरींवर निर्बंध घातला आणि पावसाळा संपला की गावाचे पाणी मोजून पिके ठरवण्याची पद्धत रुजवली. त्या पाण्यात ऊस बसत नाही हे मोजल्यावर स्वच्छ दिसले, म्हणून ऊस घेतला गेला नाही. मला यातले श्रमदानही मोलाचे वाटते, पण त्याहून मोलाचे वाटते ते मोजमाप. मर्यादा किती आहे हे त्यांनी आधी मान्य केले आणि मग तिच्या आत संपत्ती शोधली. सांगोल्याचे डाळिंब किंवा तासगावची द्राक्षे हेही अशाच शोधाचे फळ आहे. कोरडी हवा आणि बेताचा पाऊस यांमुळे या फळांवर रोग कमी पडतो, आणि पर्जन्यछाया तिथे भांडवल बनते. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या हेही त्याच कड्यावरून येणाऱ्या वाऱ्याचे उत्पन्न आहे. याउलट, राज्याच्या लागवडीच्या छोट्याशा हिश्शावर उभा असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो आणि तो वाढतो अशा तालुक्यांतही जिथे पिण्याचे पाणी टँकरने न्यावे लागते. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या वेळी भोवतालच्या साखर कारखान्यांकडे आपण किती गांभीर्याने पाहिले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

या सगळ्यातून आपल्यासमोर काही स्पष्ट विनंत्या ठेवतो.

केळकर समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात तालुक्याला विकासाच्या मोजमापाचा घटक मानले, हे योग्य दिशेचे पाऊल होते. त्याआधी १९९९ मध्ये चितळे आयोगाने राज्याची पंचवीस उपखोऱ्यांत विभागणी करून त्यांचे पाण्याच्या उपलब्धतेनुसार अतितुटीपासून अतिविपुलापर्यंत वर्गीकरण केले होते. हे दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून प्रत्येक तालुक्याची नैसर्गिक अडचण मोजता येते. पावसाचा भरवसा, खडकाची पाणी धरण्याची क्षमता, उतार, तसेच लोहमार्ग, बाजारपेठ व बंदर यांपासूनचे अंतर हे तिचे घटक असावेत. या मापाला निधिवाटपात निश्चित वजन असावे आणि तो तालुका कोणत्या महसुली विभागात आहे याचा त्यावर परिणाम होऊ नये. असे झाले तर जतला विदर्भाशी भांडावे लागणार नाही आणि धडगावला पुण्याच्या सरासरीमागे लपावे लागणार नाही.

दुसरी बाब कामाच्या दरांची. डोंगराळ आणि कठीण खडकाच्या तालुक्यांत रस्ता, पूल, पाणीयोजना आणि शाळेची इमारत यांना प्रत्यक्ष जास्त खर्च येतो. त्याची भरपाई वेगळ्या दरसूचीने व्हावी. आज एकाच मापाने मंजूर झालेली कामे तिथे एकतर अर्धवट राहतात किंवा निकृष्ट होतात, आणि मग त्या प्रदेशाला निधी खर्च करता येत नाही असा शेरा मारला जातो.

तिसरी बाब पाण्याच्या जाहीर हिशेबाची. जलसंपत्ती नियमनाचा कायदा २००५ पासून आपल्याकडे आहे आणि जायकवाडीच्या वादात मेंढेगिरी समितीने वरच्या व खालच्या धरणांत तुटीची वाटणी कशी करावी याचे सूत्रही दिले. उपखोऱ्यानिहाय असा वार्षिक ताळेबंद मात्र विधिमंडळात चर्चेला यायला हवा. त्यात कोयना व मुळशीसह पश्चिमेला जाणारे पाणी, उसाला लागणारे पाणी, शहरांनी घेतलेले आणि न शुद्ध करता सोडलेले पाणी हे सर्व एका तक्त्यात असावे. वऱ्हाडातील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यासारख्या प्रदेशाची नोंद स्वतंत्र रकान्यात व्हावी. तिथल्या विहिरीत पाणी असूनही ते पिण्याच्या आणि शेतीच्या कामाचे नसते, आणि केवळ प्रमाण मोजणाऱ्या तक्त्यात तो प्रदेश सुखी दिसतो.

चौथी बाब मला सर्वांत तातडीची वाटते. खाणकायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली आणि खनिजाच्या उत्पन्नाचा काही वाटा खाणबाधित भागासाठी राखला गेला. हेच तत्त्व घाटमाथ्यावरच्या पाण्याला आणि ऊसतोडीच्या श्रमाला लावता येईल. ज्यांच्या जमिनी धरणांखाली गेल्या त्या जावळी, पाटण, मुळशी, मावळच्या गावांना वीज आणि पाणी यांच्या उत्पन्नाचा कायमचा हिस्सा मिळावा. ज्या तालुक्यांतून तोडणी मजूर जातात, तेथील वसतिगृहे, आरोग्यकेंद्रे आणि जलसंधारण यांसाठी साखरेच्या प्रत्येक क्विंटलमागे एक ठरावीक रक्कम कायद्याने वळती व्हावी. स्थलांतरित मजुरांसाठी आज ज्या योजना आहेत त्या चांगल्या आहेत, पण योजना सरकारबरोबर बदलते आणि हक्क कायद्यात लिहावा लागतो.

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. यापुढे ही मंडळे पूर्ण अधिकारांनिशी चालवताना त्यांचा पाया तीन राजकीय विभागांवरच ठेवायचा की घाटमाथा, तळकोकण, पर्जन्यछायेचा पट्टा, बालाघाट, तापी-पूर्णेचे खोरे, पूर्व विदर्भातील झाडीपट्टी आणि सातपुडा अशा नैसर्गिक विभागांनाही त्यांत स्थान द्यायचे, यावर राज्यघटनेच्या कलम ३७१(२) च्या चौकटीत राहून विधिमंडळाने स्वतंत्र ठराव करावा. आगामी अर्थसंकल्पी अधिवेशनात या विषयासाठी किमान एक पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि त्या चर्चेपूर्वी उपखोऱ्यांचा व तालुक्यांचा एकत्रित नकाशा प्रत्येक सदस्याच्या हाती मराठीत द्यावा, ही नम्र विनंती. नकाशा तयार करण्यासाठी लागणारी बहुतेक माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, कृषी विभाग आणि जलसंपदा विभाग यांच्याकडे आजच उपलब्ध आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
भूगोलाचा एक निवृत्त अध्यापक